धारेसाठी बर्फ

जुन्नरच्या पेठेत एका बोळात धार लावणारे एक चाचा बसतात. विळे, कोयते, शिंप्यांच्या कात्र्या असं काही ना काही त्यांच्याकडे सारखं येत असतं, पण त्यांची खरी माया मेंढरं कातरायच्या कातरींवर. कातर घेऊन गेलं की ते आधी तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. हात पुढे करतात आणि विचारतात, "लोकर कुठंय?" ज्या कळपाची लोकर कातरायची त्यातलीच मूठभर बरोबर न्यायची, असा त्यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता आहे. ती लोकर ते चिमटीत चोळतात, तिचा वास घेतात, मग धार लावतात आणि तीच लोकर कानाजवळ धरून कातरून बघतात. आवाज पसंत पडला की कातर तुमची. मोकळ्या हातानं गेलेल्याला चहा पाजून परत पाठवतात. माझे वडील, म्हणजे आप्पा, एकदा पिंपरी पेंढारहून जुन्नरला जाऊन नुसता चहा पिऊन आले होते, आणि वर दिवसभर चाचांचंच कौतुक करत होते.

आमची मंडळी मूळची मेंढरांमागे फिरणारी. आता आम्ही कांदा आणि डाळिंब करतो, पण तीस-चाळीस मेंढरं आप्पांनी हट्टानं ठेवलीच आहेत. वर्षातून दोनदा ती कातरतात आणि त्या दिवशी आप्पांचा रुबाब बघावा. एरवी आईच्या शब्दाबाहेर न जाणारा हा माणूस त्या दिवशी तिलाही "गप ऱ्हा जरा, मेंढरू बिचकतं" असं सुनावतो. चाकावरची धार चाचांची, पण कातरायला बसण्याआधी दगडाचा शेवटचा हात ज्यानं त्यानं आपल्या कातरीला द्यायचा असतो. आप्पांचा तो शेवटचा हात आमच्या भागात नावाजलेला आहे. निदान आप्पा तरी तसं सांगतात.

मी मात्र भलत्याच नादाला लागले. आळेफाट्याला शाळेत असताना आमच्या सरांनी पटांगणावर स्केटिंग सुरू केलं. सगळ्या पोरी आठ दिवसांत गुडघे फोडून घेऊन थांबल्या, मी गुडघे फोडून घेऊनही थांबले नाही. पुण्याला कॉलेजात गेल्यावर चाकांच्या स्केटवरची हॉकी आली आणि तिथून बर्फावरची. बर्फ आमच्या घरानं पाहिला होता तो गोळ्याच्या गाडीवर. लडाखला बर्फावर खेळायला जायचं आहे असं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "पडायलाच जायचं तर इतक्या लांब कशाला? आपली मोरी काय वाईट हाय?"

पहिल्या वर्षी मी गेले, निवडीच्या शिबिरभर खेळले आणि शेवटच्या दिवशी राज्याच्या संघाच्या यादीतून माझं नाव गळलं. सामने मी बाहेर बसून पाहिले, दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन. पाणीही गोठलेलं. पुढच्या वर्षी मला नोकरी लागली होती आणि इतकी लांब रजा एकदाच मिळणार होती. त्यामुळे यंदा संघात आले तर आले, नाहीतर हा खेळ सोडायचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं. घरात बोलले नाही, पण आप्पांना कळलं असावं. मेंढरू आजारी पडायच्या आधी ज्यांना कळतं, त्यांना एवढं कळणारच.

निघायच्या आठ दिवस आधी बर्फावरचे स्केटचे बूट घरी ठेवून मी दोन दिवस पुण्याला कामाला गेले. परत आले तर आप्पा ओसरीवर माझीच वाट बघत बसलेले. बूट समोर, त्यांवर आईचं धुतलेलं फडकं. त्यांनी फडकं उचललं आणि म्हणाले, "बघ."

बुटांखालची पाती आरशासारखी चमकत होती. दोन्ही बाजूंनी घासून घासून आप्पांनी त्यांना एक धार काढली होती. कोयत्यासारखी, बरोबर मधोमध.

इथे थोडं सांगायला हवं. स्केटच्या पात्याला एक धार नसते. पात्याच्या तळाला लांबच्या लांब एक उथळ पन्हळ असते आणि त्या पन्हळीचे दोन काठ म्हणजे दोन धारा, एक आतल्या बाजूची, एक बाहेरच्या. पळणं, वळणं, थांबणं, सगळं त्या दोन काठांवर. पन्हळ खोल असली तर काठ बर्फात जास्त रुततात, उथळ असली तर पाय जास्त घसरतो. ती किती खोल ठेवायची यावर खेळाडू तासन् तास वाद घालतात. आणि आप्पांनी ती नाहीशीच केली होती.

"मधी खाच पडली व्हती लांबच्या लांब," आप्पा खुशीत सांगत होते. "म्हटलं जुनं हाय, झिजलं असंल. लई कडक पोलाद राव. पण घालवली."

माझं तोंड तसं पहिल्यापासून सुटलेलं, पण त्या दिवशी जे सुटलं ते मला आजही आठवायला नको वाटतं. "तुमाला इचारलं व्हतं का कुणी? मेंढरं कातरायला चाललीय का मी? सगळं वाटोळं केलं!" आप्पांनी फडकं नीट घडी करून खुंटीवर टाकलं आणि मेंढरांकडे निघून गेले. आई म्हणाली, "दोन दिस पाजवत बसले व्हते. जेवायलाबी उठत नव्हते." मग मी मोरीत जाऊन रडले. पात्यांसाठी थोडं आणि फडक्याच्या त्या घडीसाठी जास्त.

संघाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, मुंबईत एकजण मशीनवर ही धार लावतो, पण तो महिनाभर बाहेरगावी आहे. लेहला एक मशीन आहे, पण तिथे झिजलेली धार नीट करून देतात, कोयत्याचं पुन्हा पातं करून देत नाहीत. "दुसरे बूट बघ कुठे मिळतात का," ते म्हणाले. माझ्या मापाचे, सहा दिवसांत, पिंपरी पेंढारमध्ये!

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आप्पांची मोटरसायकल चालू झाली. मी बाहेर आले तर बूट त्यांच्या गळ्यात लेसनं बांधून लटकवलेले. "चाचांकडं चल," एवढंच म्हणाले. मला ते पटलं नव्हतं, पण मागे बसले.

चाचांनी पातं डोळ्यांजवळ नेलं, अंगठा फिरवला आणि विचारलं, "पावणं, ही धार कुणाची?"

"माझी," आप्पा चपलांकडे बघत म्हणाले.

"आन् लोकर बघितली व्हती?"

चाचा इतके हसले की शेजारचा बांगडीवाला बघायला आला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बेटा, ह्यानं कातरायचं काय?"

"बर्फ."

त्यांनी सवयीनं हात पुढे केला. "मग बर्फ कुठंय?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण हात तसाच. वर शिरस्त्याप्रमाणे चहा मागवलेला. चहा पिऊन आम्ही गुपचूप उठलो आणि बर्फ आणायला मंचरला निघालो.

मंचरच्या बर्फाच्या कारखान्यात डिसेंबरच्या थंडीत गिऱ्हाईक बघून तिथला माणूस दचकला. सुतकी आवाजात म्हणाला, "लग्न का मयत?"

"धार लावायची हाय," आप्पा म्हणाले.

त्यानं पुढे काही विचारलं नाही. पाव लादीला भाताचं तूस लावलं, ती गोणपाटात गुंडाळली आणि आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर ठेवून दोरीनं बांधून दिली. नारायणगाव यायच्या आत लादीचं पाणी सुटलं. माझं पोट गारठलं, पण आप्पांची तर सगळी पाठ भिजली. मोटरसायकलवर बसल्या बसल्या त्यांचे खांदे थडथड उडत होते. मी ओरडून विचारलं, "थांबायचं का?" ते ओरडले, "वितळंल की!" मग दोघांनाही हसू फुटलं. कालपासून पहिल्यांदा आम्ही हसलो होतो आणि ते काही केल्या थांबेना. शेजारून कांद्याचा एक ट्रक गेला, त्याचा क्लीनर आमच्याकडे बघत राहिला.

चाचांनी लादीवर हात फिरवला, एक टवका काढून चिमटीत धरला, वास घेतला. बर्फाचा वास! मग कामाला लागले. आधी पात्यांचा तो कोयता चाकावर सपाट केला. त्यात पोलाद बरंच गेलं. पन्हळीसाठी चाकाची कडच गोल करायला हवी होती, आणि ती किती गोल करायची हा खरा प्रश्न होता. सरांनी फोन ठेवताना सांगितलं होतं, कुणी करून दिलंच तर एक इंचाच्या चकतीचा गोल धर. चाचांनी गल्ल्यातून दोन रुपयांचं नाणं काढलं, पट्टीवर मोजलं, बरोबर इंचाला आलं. मग त्यांनी एक रुपयाचं लहान नाणंही काढलं आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवली.

"ह्या बर्फाला मोठं नाणं बराबर हाय," ते लादीवर टिचकी मारून म्हणाले. "पर तिथला बर्फ असाच असतो?"

"नाही चाचा. तिथला दगडासारखा. खुरपं मारलं तरी चरा पडत नाही."

"आन् तुजं वजन?"

आप्पांनीच उत्तर दिलं, "काय न्हाई. दोन मेंढरांएवढं."

चाचांनी लहान नाण्यावर बोट ठेवलं. लहान नाणं म्हणजे पन्हळ खोल, काठ टोकदार, पकड जास्त. माझी अडचण अशी की सरांनी स्पष्ट इंच सांगितला होता, आणि चाचांनी जन्मात स्केट पाहिला नव्हता. पण मागच्या वर्षी त्या दगडी बर्फावर माझे पाय कसे निसटायचे ते सरांपेक्षा मला जास्त माहीत होतं. मी म्हटलं, "लहान."

पत्र्यातून नाण्याएवढी गोलाई कापून तिच्या मापानं चाचांनी चाकाची कड घासून घेतली. मग बूट धरायला आप्पांना बसवलं. "मेंढरू धरल्यागत धर. दाबू नको, सोडूबी नको." आप्पांचे ते हात मी त्या दिवशी नीट पाहिले. लोखंड चाकावरून सरकत होतं, ठिणग्या उडत होत्या आणि हात जरासुद्धा हलत नव्हते. या हातांना मी काय काय बोलले होते! मला मनापासून लाज वाटली. तिथेच म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं." ते म्हणाले, "बोलू नको, हलंल."

शेवटी चाचांनी बूट हातात घेऊन पातं लादीवरून ओढलं, कान अगदी बर्फाला लावून. पुन्हा ओढलं. "इथं रुततंय. तिथं बराबर चालंल." मग मला बूट घालायला लावले. उरलेल्या लादीवर मी एका पायावर उभी, दोन्ही हात आप्पांच्या हातात, भोवती अर्धी गल्ली. काठ बर्फात घट्ट बसला. निघताना बांगडीवाल्यानं उरलेला बर्फ मागून घेतला. त्याच्या पोरांना सरबत झालं.

लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसतं बसवून ठेवतात, हवेची सवय व्हावी म्हणून. तिसऱ्या दिवशी बर्फावर उतरले. डावीकडे वळले आणि मला ओरडावंसं वाटलं, इतकी छान पकड! मागच्या वर्षी जिथे पाय निसटत होते तिथे मी आता झोकात वळत होते. मग उजवीकडे वळले आणि आडवी झाले. उठले, पुन्हा वळले, पुन्हा आडवी. डाव्या पायाची आतली धार धरतच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी निवडीचा सामना होता. सरांनी बूट उलटा करून पाहिला. "किती ठेवलंय हे? मी इंच सांगितला होता ना? कुठल्या मशीनवर केलं?"

"जुन्नरला केलं, सर."

त्यांनी बूट परत दिला. तिथल्या मशीनवर माझा नंबर दोन दिवसांनी लागणार होता. मी कठड्यावर बसले. मागच्या वर्षी बाटल्या घेऊन बसले होते तीच जागा.

माझ्या मोबाइलला तिथे रेंज नव्हती. लडाखच्या संघातल्या एका पोरीनं माझं तोंड बघून न मागताच तिचा फोन पुढे केला. मी चाचांना लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "बोलू नको. फोन बर्फावर ठिव आन् शेजारून जा." चाचांचा फोन बटणांचा, त्यामुळे दिसायचं काहीच नव्हतं. मी फोन बर्फावर ठेवला आणि शेजारून एकदा डावीकडे वळत गेले, एकदा उजवीकडे. लडाखची पोरगी हे सगळं तोंडावर हात ठेवून बघत होती.

"पयल्यांदा गेली ती चांगली बोलली," चाचा म्हणाले. "दुसऱ्यांदा नुसती घासली. काठ मुडपलाय, बाकी काय न्हाई. प्रवासात आपाटला असंल. पर बेटा, हे माझ्या चाकाचं काम नव्हं. शेवटचा हात कातरणाऱ्याचा. थांब, देतो."

आप्पा तिथेच होते. कातरीचं निमित्त काढून दोन दिवस ते चाचांच्या दुकानात ठाण मांडून बसले होते, हे मला नंतर कळलं.

"मी न्हाई सांगत," त्यांचा आवाज आला. "मागल्या येळंला वाटोळं केलंया मी."

"आप्पा, सांगा ना. माझ्याकडं दुसरं कुणी न्हाई."

ते म्हणाले, "पिशवीच्या तळाला बघ."

पिशवीच्या तळाला लोकरीत गुंडाळलेला एक दगड होता. त्यांचाच, कातरीचा, अंगठ्याच्या जागी झिजून खळगा पडलेला. तो त्यांनी मला न विचारता घातला होता, पुन्हा एकदा.

"दगड पात्याच्या अंगाला सपाट ठिव," आप्पा सांगू लागले. "उचलू नको. खाचंकडं बिलकुल जाऊ नको. बाजूनं एक हात, हलका. कोकराच्या कानामागनं फिरवतो तसा. मुडपलेलं उलटलं की बोटाला कळंल. मग दुसरा. तिसरा नको."

मी फोन खांदा आणि कान यांच्यात धरून, हातमोजा काढून, गोठल्या बोटांनी एक हात दिला. बोट फिरवलं. काठावर कुसळासारखं काहीतरी लागलं. दुसरा हात दिला आणि ते गेलं.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"झालं."

"जा मग. आवाज येऊ दे."

मी फोन बर्फावर ठेवून उजवीकडे वळले. पात्यानं बर्फ धरला, सर्र करून मी पूर्ण गोल फिरले आणि उभीच्या उभी राहिले. फोनमधून आप्पांची आणि चाचांची दोघांचीही एकदम ओरड ऐकू आली. लडाखच्या पोरीनं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी कशी खेळले ते सांगत बसत नाही, आमच्या गल्लीत ते सगळ्यांना पाठ झालं आहे. संध्याकाळी यादी लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. सरांनी माझा बूट पुन्हा मागून घेतला, पन्हळीवर नख फिरवलं आणि विचारलं, "जुन्नरला नक्की कुठे?" मी म्हटलं, "सांगते सर, पण जाताना बर्फ न्यावा लागेल."

महिन्याभरानं परत आले तेव्हा आळेफाट्याच्या स्टँडवर आप्पा मोटरसायकल घेऊन उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवी घेतली, बूट काढले, उलटे करून पात्यावर अंगठा फिरवला. बसची वाट बघणारा एक म्हातारा शेजारी येऊन वाकला आणि म्हणाला, "पावणं, ह्याला मधी खाच पडलीया की."

आप्पा ताठ झाले. बूट छातीशी धरला आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पडली न्हाई राव, पाडलीया. ती घालवायची नसती."